चाल बांधणारा आणि वाद्यमेळ लिहिणारा: दोन्ही एकाच माणसाने शिकावे का?

सूरसागरकाठ:
नमस्कार. माझा मुलगा येथे वडोदऱ्यातच परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत व्हायोलिन शिकतो आणि त्याला चित्रपटांसाठी संगीत द्यायचे आहे. एका कार्यक्रमात कोणीतरी त्याला सांगितले की, आधी चाली बांधायला शीक, बाकीचे करायला माणसे असतात. तेव्हापासून हार्मनीच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या निरनिराळ्या स्वरांच्या मेळाच्या) वह्या माळ्यावर पडून आहेत. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस; श्रेयनामावलीतील ‘संगीत’ आणि ‘संगीत संयोजन’ यांमधला फरकही मला धड उमगत नाही. ही दोन्ही कामे एकट्याने करणाऱ्याची कारकीर्द कशी घडते, हे जाणकारांनी सांगावे.

रावपुरेकर:
वह्या आजच खाली काढाव्यात. चाल पेटीवर होते. ती मोठ्या ताफ्याने वाजवायची तर प्रत्येक वादकाच्या पुढ्यातील कागदावर काय असेल, हे अरेंजर, म्हणजेच संगीत संयोजक, ठरवतो. गाण्याआधीचे म्युझिक, मुखडा आणि अंतरा यांच्यामधले तुकडे, आणि गायिका लांब स्वरावर थांबली असता तिच्या मागून व्हायोलिनांनी घ्यायची स्वतंत्र ओळ, जिला वादक ‘ऑब्लिगाटो’ म्हणतात, हे सारे त्याच्या लेखणीतून उतरते. १९५० आणि १९६० च्या दशकांत हे काम बरेचसे गोव्याच्या वादकांकडे होते, कारण चर्चच्या शाळांत त्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धती, लहानपणीच शिकवले जाई. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनांची जी भरजरी झालर ऐकू येते, तिच्यामागे सेबास्टियन डिसोझा होते. त्यांचे नाव किती रसिकांना ठाऊक आहे?

दोन्ही कामे एकाच घरात नांदवणारे उदाहरण म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतील प्यारेलाल शर्मा. वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेटवादक आणि नोटेशनचे शिक्षक. व्हायोलिनचे धडे गोव्यातील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. (१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यात येणारे नाव ही या गुरूंना दिलेली मानवंदनाच आहे.) घरच्या ओढगस्तीमुळे पोरवयातच ते स्टुडिओत वाजवू लागले. मंगेशकर कुटुंबाच्या सुरेल कला केंद्रात लक्ष्मीकांत कुडाळकर भेटले, पुढे दोघांनी कल्याणजी-आनंदजी यांच्याकडे सहायक म्हणून काम केले आणि १९६३ मध्ये या जोडीचे संगीत असलेला ‘पारसमणी’ हा चित्रपट आला. म्हणजे स्वतःचे नाव पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले कागद वाजवले होते, आणि कोणता तुकडा वाजवताना गज अडखळतो हे त्यांच्या हातालाच कळलेले होते. या जोडीच्या गाण्यांचे संयोजन प्यारेलाल स्वतः करीत.

दुसरे_व्हायोलिन:
वरील प्रतिसादाला माझ्या फजितीची पुरवणी जोडतो. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातील एका गणेशोत्सवासाठी मी जुन्या गाण्यांचे संयोजन लिहिले. रात्रभर जागून सुबक अक्षरात कागद तयार केले, पण सर्व वाद्यांसाठी स्वर जसेच्या तसे उतरवले. ट्रम्पेट बी फ्लॅटचे असते, म्हणजे कागदावरच्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजते, त्यामुळे त्याचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. ऑल्टो सॅक्सोफोनचा त्याहून बराच वर, मेजर सिक्स्थने, म्हणजे साडेचार स्वरांनी. तालमीत पहिल्या चार मात्रांतच एकाच गाण्याच्या तीन पट्ट्या एकदम वाजल्या. तबलजी तेवढा निर्विकारपणे ठेका धरून होता. ट्रम्पेटवादकांनी काही न बोलता खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. संगणक हे स्वरांतर आता क्षणात करून देतो, परंतु वादकासमोर उभे राहून चूक शोधायची वेळ आली की कानच लागतो.

कोठी_चाररस्ता:
आपल्याच गावाचा विसर पडू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलेखनपद्धती शिकवली. आजची विद्याशाखा ही त्याच शाळेचा विस्तार आहे. मग नोटेशनसाठी गोव्याकडेच का पाहायचे?

रावपुरेकर:
अभिमान रास्त आहे, पण मुद्दा निराळा आहे. मौलाबक्षांची पद्धती एका गळ्याची किंवा एका वाद्याची बंदिश टिपण्यासाठी होती. एकाच क्षणी वीस वाद्ये काय करीत आहेत, हे एका पानावर उभ्या रेषेत दिसावे लागते, आणि ती सोय स्टाफ नोटेशनमध्ये आहे. मात्र रागाची जाण सोडू नये, हे मान्य. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, तो रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्यासाठीच.

सूरसागरकाठ:
सर्वांचे आभार. वह्या खाली आल्या. सुरुवात कशाने करावी, असे चिरंजीव विचारतात.

दुसरे_व्हायोलिन:
पन्नास वाद्यांचा मोह टाळून दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या स्वरांचे) आणि एक चेलो (त्याहूनही मोठे, खर्जाचे) एवढ्यांसाठीच एखादे आवडते गाणे कानाने ऐकून लिहावे आणि विद्याशाखेतील मित्रांकडून वाजवून घ्यावे. व्हायोलावादक न मिळाल्यास तो भाग तिसऱ्या व्हायोलिनला देता येईल. फक्त व्हायोलाची सर्वांत खालची तार व्हायोलिनला नसते, तेव्हा तिच्यावरचे स्वर आधीच खोडून ठेवावेत.