'पिकॅनिनी'ला मराठीत काय म्हणाल?

जुन्या अमेरिकन कॉमेडी सिनेमांवरचा एक लेख मराठीत आणतेय, निर्माता हॅल रोचच्या 'अवर गँग' ह्या लहान मुलांच्या टोळीवरच्या मालिकेबद्दल. त्यात 'पिकॅनिनी' हा शब्द सारखा येतो. डिक्शनरी म्हणते काळ्या वंशाचं लहान मूल. 'चिमुरडा' चालेल का?

– नको ताई. मूळ पोर्तुगीज 'पेकेनीनो', म्हणजे इवलंसं, आपल्याला पगार, चावी, बटाटा ज्या भाषेने दिले तिचाच शब्द. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन भाषेत 'पिकिनिनी' म्हणजे आजही साधं मूल, कुणाचंही. पण अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात तो गोऱ्यांच्या तोंडी बसला आणि त्याचं एक ठरलेलं चित्र झालं, केसांच्या चार-पाच शेंड्या, त्यांना रिबिनी, फाटके कपडे, हातात कलिंगडाची फोड. १९२२ ला मालिका सुरू झाली तेव्हा ॲलन हॉस्किन्स जेमतेम दोन वर्षांचा, त्याला 'फरिना' बनवलं ते थेट ह्या चित्रातून, मुलगा की मुलगी तेही धड कळू नये असं. चिमुरडा म्हटलं की आपण पोराला जवळ घेतो, ह्या शब्दाने ते माणसातून उठायचं.

– नावं पण बघा ना. फरिना म्हणजे रव्यासारखा भरडलेला गहू, खिरीसारखा शिजवतात. १९३४ ला आलेला बिली थॉमस 'बकव्हीट', म्हणजे कुट्टू. काळ्या पोरांना धान्याची नावं!

– पण गोरा कार्ल स्विट्झर 'अल्फाल्फा' होता की, ते तर गुरांचं लसूणघास.

– बरोबर, म्हणून नुसत्या नावावर बोट ठेवता येत नाही, फरक पुढे पडला. १९५५ पासून हे सिनेमे टीव्हीवर 'द लिटल रास्कल्स' नावाने लागले आणि काळ्या मुलांना 'बकव्हीट' म्हणून चिडवायला लागले, अल्फाल्फाची शिवी कधी झाली नाही. आणि हेही खरं की दक्षिणेत काळी-गोरी मुलं एका शाळेत बसू शकत नव्हती तेव्हा इथे ती एकत्र हुंदडत होती, मालिकेतल्या काळ्या अर्नी मॉरिसनला तर रोचने १९१९ लाच मोठ्या करारावर घेतलेलं. मला हे सिनेमे मनापासून आवडतात आणि म्हणूनच शब्द गुळगुळीत केलेला बघवत नाही.

– मग लिहू काय?

– 'पिकॅनिनी'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'काळ्या मुलांना हिणवायचा शब्द' एवढं लिहा. आणि लेखक स्वतः मुलांबद्दल बोलतो तिथे सरळ ॲलन, बिली, अर्नी.