सात सेंमीची काडी कुणाची आठ, कुणाची साडेसहा

निपाणीची बाई
दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग आहे. लांबी मोजायला वीत, पाऊल झालं. पट्टी दिली की काही मुलं 1 पासून धरतात, काही पट्टीच्या कडेपासून. 7 सेंमीची काडी कुणाची 8 भरते, कुणाची साडेसहा. "शून्यापासून धरा" म्हणून भागत नाही. दुसरं काय करता येईल ओ?

खानापूर मास्तर
बाई, या दोन वेगळ्या चुका आहेत. 8 म्हणणारं पोर एकतर 1 पासून धरतंय, नाहीतर रेघा मोजतंय. 7 घरांना रेघा 8 असतात की! पट्टी आधी त्यांनाच करू द्या. पुठ्ठ्याची 12 सेंमी लांब पट्टी कापा, तिच्यावर आलेख कागदाचे 1 सेंमीचे चौकोन दोन रंगांत आलटूनपालटून चिकटवा. आकडे घालायचे नाहीत, काडीखाली ठेवून नुसती घरं मोजायची. दोन दिवसांनी प्रत्येक घर संपतं तिथं आकडा लिहायला लावा आणि पहिल्या घराच्या सुरुवातीला काय लिहायचं ते विचारा. तिथं अजून एकही घर झालेलं नाही, म्हणून 0. हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. चौकोनांत फट राहिली किंवा एकावर एक चढले तर माप चुकतं, तेही मुद्दाम दाखवा.

सुतारगल्ली
साडेसहावाल्या पोरांना बोल लावू नका. प्लास्टिकच्या बऱ्याच पट्ट्यांत शून्याच्या आधी चार-पाच मिमी कोरी जागा सोडलेली असते, कड झिजली तरी शून्य शाबूत राहावं म्हणून. शिंप्याच्या टेपचा शून्य मात्र टोकालाच. शून्याच्या रेघेवर लाल पेननं खूण करा आणि इंचाची बाजू चिकटपट्टीनं झाका, नाहीतर 7 ऐवजी पावणेतीन ऐकाल. घरी सुताराचं इंच-सूत (8 सूत म्हणजे 1 इंच) आणि बाजारात फुलांच्या माळेचा मोळ (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप) कानावर पडतोच, पण ते सगळं नंतर.

चिकोडीकर
समजलंय का ते बघायला मोडकी पट्टी द्या. काडी 3 वर ठेवा, टोक 10 वर. "10" म्हणालं तर पोर शेवटचा आकडा वाचतंय, "8" म्हणालं तर रेघा मोजतंय. वजाबाकी इतक्यात सांगू नका, घरंच मोजू देत. सुरुवातीला स्ट्रॉचे तुकडे नेमके पूर्ण सेंमीचे कापा, पोस्टकार्डही चालेल (14 बाय 9). पेन्सिल नंतर: "7 पेक्षा जास्त, 8 च्या जवळ" एवढं उत्तर पुरे. पट्टी जाड असली तर रेघांची कड कागदाला टेकवून वरून सरळ बघायचं, तिरकं बघितलं की रेघ सरकते.

निपाणीची बाई
पट्टी 15 ची घेऊ की 30 ची?

खानापूर मास्तर
15 चीच घ्या. लहान हाताला 30 ची आवरत नाही. शिवाय बाक मोजताना 15 ची पुन्हापुन्हा ठेवावी लागते, आणि तिथंच खरी गंमत आहे. मुलं कडेला कड लावतात. दोन्ही टोकांना 5-5 मिमी कोरी जागा असेल तर प्रत्येक जोडाला 1 सेंमी मोजायचंच राहतं आणि बाक आखूड भरतो. 15 च्या रेघेपाशी खडूनं खूण करायची, पुढचा 0 बरोबर त्या खुणेवर.