मदत हवी आहे: वजन आणि गोडाची जाण, चाचणीत कुठे चुकतंय?

१८ ते २५ वयाच्या मुलामुलींवरचा प्रकल्प आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५च्या खालचे आणि वरचे असे दोन गट. साखरेचं पाणी चढत्या क्रमाने देऊन "गोड लागलं का?" असं विचारतोय. गटांत फरक दिसत नाही, पण एकाच व्यक्तीचे दोन दिवसांचे आकडेही जुळत नाहीत. काय बदलू?

प्रतिसाद १
आधी प्रश्न बदला. "लागलं का?" विचारलं की जिभेपेक्षा स्वभाव मोजला जातो, धीट माणूस लवकर हो म्हणतो, सावध माणूस थांबतो. प्रत्येक पायरीला तीन पेले द्या, दोन साध्या पाण्याचे आणि एक साखरेचा. वेगळा कोणता ते ओळखायचं, खात्री नसली तरी अंदाज सांगायचाच.

३४.२ ग्रॅम सुक्रोज (शुद्ध साखर) थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून मग एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा (लिटरभर पाण्यात साखर टाकू नका, आकारमान वाढतं). हे झालं लिटरला १०० मिलिमोल (विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाचं एकक). दरवेळी निम्मं पातळ करत ५०, २५, १२.५ असं ०.७८पर्यंत उतरा. चाचणी मात्र सर्वांत पातळ द्रावणापासून. पेल्यात १० मिली, सगळं एकाच तापमानाला, कारण थंड द्रावण कमी गोड लागतं. दोन पायऱ्यांच्या मध्ये चूळ, आणि चाचणीआधी तासभर खाणं, धूम्रपान, दात घासणं बंद.

धागाकर्ता
तिनातून एक तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येईल ना?

प्रतिसाद १
येईल, तिनात एकदा. म्हणून पहिल्या बरोबर उत्तरावर थांबू नका. ज्या पायरीपासून पुढची सगळी उत्तरं बरोबर आहेत ती आणि तिच्या आधीची चुकलेली पायरी, या दोघींचा भूमितीय मध्य (गुणाकाराचं वर्गमूळ) घ्या. ६.२५ला चूक आणि १२.५पासून बरोबर, तर उंबरठा, म्हणजे चव जेमतेम कळू लागते ती पातळी, ८.८. गटाची सरासरी या उंबरठ्यांचे लॉग (लॉगरिदम) घेऊनच काढा, नाहीतर एखादा मोठा आकडा सगळं ओढून नेतो.

प्रतिसाद २
वरचं सगळं पटलं, पण मला मोठी अडचण दुसरीकडे दिसते. उंबरठा म्हणजे अगदी पुसट चव कळणं. रोजच्या खाण्यातली चव त्याच्या कितीतरी वर असते, आणि एकावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे तीव्र द्रावण किती गोड वाटतं आणि किती आवडतं, हे वेगळं विचारा. वजनाचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट येतात, त्यात ही सरमिसळ हे एक कारण आहे. उंदरांना स्निग्ध आहार देऊन वजन वाढवलं तेव्हा स्वादकलिका कमी झालेल्या दिसल्या, म्हणजे संबंधाला शारीरिक आधार आहे. माणसांत तो उंबरठ्यावरच दिसेल असं नाही.

बीएमआयचे गट पाडू नका, आकडा सलग वापरा. २४.८ आणि २५.२ यांना वेगळ्या पेटीत टाकून हाती काही लागत नाही. शिवाय स्नायू आणि चरबी यांतला फरक त्याला कळत नाही, तेव्हा कमरेचा घेरही मोजा. सर्दी आणि चालू औषधं नोंदवा. कडू चव घेणार असाल तर आणखी जपून: काही कडू पदार्थांची जाण टीएएस२आर३८ या जनुकावर ठरते, ती वजनाच्या खात्यात जायला नको.