उत्तर: दख्खन फ्रेंचांकडे असतं तर

दख्खनमधे फ्रेंचांचं वजन वाढवणारा पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले, त्याला १७५४ मधे फ्रान्सला परत बोलावलं नसतं तर औरंगाबादेत पॅरिससारखे बुलेवार (झाडांच्या रांगांचे रुंद रस्ते) दिसले असते असं वर कोणीतरी म्हटलंय, मला नाय पटत. पाँडिचेरीच बघा ना, रस्त्यांची ती सरळ चौकट मुळात डचांच्या प्लॅनमधली, आणि फ्रेंच भागाला वेगळं करणाऱ्या कालव्यापलीकडे तमिळ घरं, खाली ओटा नि लाकडी खांब, वरच्या मजल्यावर मात्र कमानी आणि फ्रेंच खिडक्या. आपल्याकडे पण वाड्याचा चौक तसाच राहिला असता, वर फारतर लोखंडी कठड्याची गॅलरी.

समाजाचं जास्त इंटरेस्टिंग आहे, १८८१ च्या फ्रेंच आदेशाने पाँडिचेरीतल्या लोकांना आपला धर्म-जातीचा कायदा सोडून फ्रेंच सिव्हिल कोड (लग्न, वारसा वगैरेंचा नागरी कायदा) घेता यायचा. हे मराठवाड्यात लागू झालं असतं तर जातपंचायती केवढ्या पेटल्या असत्या!