यकृताचा जुनाट आजार: खाज, झोप आणि शाळा

प्रश्न (फोंडा): मुलगा 7 वर्षांचा. पोट फुगलेलं, खाजेमुळे रात्रभर जागा, वर्गात पेंगतो. वजन मात्र वाढतंय. मग चिंता कसली?

उत्तर १: वजनावर विसंबू नका, पोटातलं पाणीही काट्यावर चढतं. दर महिन्याला दंडाचा घेर मोजा. प्रथिनं स्वतःच्या मनाने कमी करू नका. झोपण्यापूर्वी पेज द्या, रात्रीचा उपास लांबला की स्नायू झिजतात.

उत्तर २: खाजेसाठी कोलेस्टिरामिन असेल तर बाकीची औषधं 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनी. ही पावडर अ, ड, ई, के जीवनसत्त्वंही अडवते. नखं बारीक कापा.

उत्तर ३: प्लीहा (पोटात डावीकडे, बरगड्यांखालचा अवयव) वाढली असेल तर फुटबॉल नको (गोंयकार पोराला हे सांगणं कठीणच!), धक्क्याने ती फुटू शकते. अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या (शिंपल्या), कालवंही नकोत: त्यांत विब्रिओ हे घातक जिवाणू असू शकतात. तापाला आयब्युप्रोफेन टाळा. आणि त्रास पोरालाच विचारा. पालकांचा अंदाज बऱ्याचदा वेगळा निघतो.