भाच्याचा दिवा कुणाचा?

सातरस्ता:
माझा भाचा इथंच सोलापुरात इंजिनीअर झाला, आता जर्मनीत कापडाच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवाळीत आला तेव्हा अक्कलकोट रोडच्या माझ्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन दिवस बसला आणि एक सोय करून दिली. धोट्यातली, म्हणजे आडवा दोरा नेणाऱ्या नळीतली, बॉबिन संपत आली की मागावर लाल दिवा लागतो. महिन्याभरात शेजारच्या दोन शेडमध्ये तसाच दिवा! वायरिंग आमच्याच इलेक्ट्रिशियनचं. भाचा म्हणाला, "मामा, आता काही करून देणार नाही."

पोरं जातात म्हणून रडण्यात अर्थ नाही. चिपवाले इंजिनीअर मॉरिस चँग उमेदीची वर्षं अमेरिकेत घालवून १९८५ ला तैवानला गेले, १९८७ ला टीएसएमसी ही कंपनी काढली. दुसऱ्यांच्या डिझाईनवर चिप बनवून द्यायच्या, एवढाच धंदा. डिझाईन फुटणार नाही या भरवशावर गिऱ्हाईक टिकलं. आपल्याकडं कायद्याचा तो भरवसा नाही, म्हणून गेलेल्याची अक्कल परत येत नाही.

मागवाला:
भरवसा कायद्यानं येतो होय? सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा कायदेशीर हक्क, आहे की. तरी बाहेरची चादर 'सोलापुरी' म्हणून खपतेच. पेटंटचा अर्ज एकट्या माणसाला ऑनलाईन १,६०० रुपयांत भरता येतो, कबूल. पुढं वकील कोण देणार, दहा मागांचा मालक? आणि आपला सगळा धंदाच बघून शिकलेला आहे. तेलंगणातून विणकर आले, हातात कसब घेऊन आले. त्यांच्या नमुन्यांवर कुणी हक्क लावला असता तर सोलापूरचा विणकरांचा पूर्व भाग उभा राहिला असता का?

औषधी_गोळी:
मागवाल्यांशी सहमत. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाला पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला होतं. पद्धत बदला, तेच औषध करा. त्यामुळं केमिस्ट्रीच्या पोरांना देशातच काम मिळालं. २००१ मध्ये सिप्लानं एड्सची औषधं एका रुग्णामागं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, बड्या कंपन्यांचा भाव १०,००० च्या वर होता. कडक कायदा असता तर हे झालंच नसतं.

सातरस्ता:
झालं, पण ते स्वस्तात बनवणं झालं. नवं औषध किती शोधलं? आणि २००५ पासून औषधालाही पेटंट आहे, उद्योग काही बुडाला नाही. जुन्याच औषधाच्या किरकोळ बदलाला पेटंट नाही, हे कलम ३(ड) आपणच घातलं, त्याच्याच जोरावर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस कंपनीला ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाचं पेटंट नाकारलं. कायदा कडकही असतो आणि आपलाही असतो.

गेलेला_माणूस:
जर्मनीतल्या स्टुटगार्टहून लिहितोय. पेटंटसाठी कुणी परत येत नाही ओ. आईला नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तिथं माझी बायको येईल? ते राहू द्या. सातरस्ता, दोन गोष्टी. पेटंटचा अर्ज आधी, दिवा नंतर. उघड्या शेडमध्ये सगळ्यांदेखत चालवलात तिथंच नावीन्य संपलं. दुसरं, इथं नोकरदारानं लावलेल्या शोधांचा वेगळा कायदा आहे. भाच्याच्या कामाशी संबंध येत असेल तर त्याला शोध कंपनीला कळवावा लागतो, कंपनी तो स्वतःकडं घेऊ शकते. मोबदला देते, पण शोध तिचा. भाचा मशिनींच्याच कंपनीत म्हणताय. सुट्टीत केलं म्हणून सुटला, असं धरू नका.

मागवाला:
म्हणजे शेजाऱ्यानं मामाचं चोरलं आणि मामानं जर्मनीचं!

सातरस्ता:
भाच्याला विचारलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. दिवा चालू आहे.