मदत हवी आहे : या मुलीला काय सांगू?

जय ख्रिस्त. मी कोल्हापुरात संडे स्कूलला शिकवते. गेल्या रविवारी बायबलमधलं इब्री 11:1 घेतलं, विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आज्जीसाठी रोज प्रार्थना केली, तरी ती गेली. माझा विश्वास कमी पडला काय?" मला बोलताच आलं नाही.

विश्वास म्हणजे मागितलेलं मिळण्याची हमी नव्हे, देवावर टाकलेला भरवसा, असं मी मानते. मार्क 9:24 मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप तर विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो. पण त्याचा मुलगा बरा होतो, हिची आज्जी नाही झाली. इथंच मी अडते. दहा वर्षांच्या पोरीला हे कसं समजवायचं? पाळकसाहेब, शिक्षक, कुणावर असा प्रसंग आला असेल तर रविवारच्या आत सांगा.